सासूबाई बसत नाहीत त्या सोफ्याचं कव्हर

बेळगावच्या अनगोळकडनं एक पत्र आलंय. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते. लग्नाला तीन वर्षं झालीत, नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, घर भाड्याचं, घरात सासूबाई आणि लग्नाची नणंद. कॅम्पातल्या एका मिलिटरीवाल्या कुटुंबाची बदली झाली तेव्हा त्यांच्याकडनं थ्री प्लस वन प्लस वन सोफासेट ४,५०० रुपयांना घेतला. लाकूड दणकट आहे पण वरचं मरून वेलवेट पार गेलंय, हातांवर तेलकट डाग, एका खुर्चीची शिवण उसवलेली. सोफावाला नवीन कापड घालून द्यायचे २४,००० सांगतोय. ऑनलाइन ताणून बसवायची रेडिमेड कव्हरं ३,००० ला मिळतात. हिच्याकडं आईची पायमशीन आहे, ब्लाऊज आणि परकर शिवता येतात, म्हणून स्वतःच कव्हर शिवावं असं मनात आहे. तुळशीचं लग्न झालं की नणंदेला बघायला पाहुणे यायचेत. सासूबाई पहिल्या दिवशीच म्हणाल्या, 'लोकांचं उतरलेलं कशाला घरात आणलं', आणि त्या सोफ्यावर बसतच नाहीत, प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात. शेवटी विचारलंय: "मावशी, पाहुण्यांना सेकंडहँड आहे हे कळणार नाही असं कव्हर पाच हजारात शिवून होईल का?"

अगं, मावशी म्हणालीस तर मी पण तुला तूच म्हणते.

होतं. पाच हजारात बसवता येतं, हिशोब खाली दिलाय, आणि ब्लाऊज शिवणाऱ्या बाईला सोफ्याचं कव्हर जड नाही. ब्लाऊजमध्ये अर्ध्या सुताचा फरक पडला तर काखेत चुणी येते, सोफा तेवढं मनावर घेत नाही. त्रास होतो तो कापडाच्या वजनाचा आणि पसाऱ्याचा, अक्कल तीच लागते. पण पत्र मी तीनदा वाचलं आणि दरवेळी माझं लक्ष सासूबाईंच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन थांबलं. तू धरून चाललीयस की त्या सोफा लोकांचा म्हणून बसत नाहीत, नाक मुरडतात. असेलही. पण त्याच पत्रात दुसऱ्या पानावर तू सहज लिहून गेलीयस की त्यांचे गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या पण आता चढत नाहीत. मग मला एक सांग, त्या सोफ्याची बैठक किती दबलीय? असल्या जुन्या सोफ्यात माणूस बसला की खाली जातो, गुडघे कमरेच्या वर येतात आणि उठताना धरायला काही नसतं. तरण्या माणसाला ते जाणवत नाही. साठी उलटलेली बाई एकदा तसली बसली, उठताना सुनेसमोर दोनदा मागं पडली, की परत बसत नाही आणि कारण पण सांगत नाही, 'लोकांचं आहे' म्हणते. मी हे आमच्या घरात बघितलंय, माझ्या आईनं असंच केलं होतं आणि मला कळायला वर्ष गेलं.

म्हणून मशीन काढायच्या आधी आज संध्याकाळी टेप घे आणि प्लास्टिकच्या खुर्चीची बसायची उंची मोज, मग सोफ्यावर कुणाला तरी बसवून दबलेल्या बैठकीची उंची मोज. तीन-चार इंचाचा फरक निघाला तर तुझ्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर कापडात नाही, फोममध्ये आहे.

आता ते 'लोकांचं उतरलेलं'. सासूबाईंशी वाद घालू नको, पण तू मनातनं लाजायलीस ते मात्र सोड. आपल्याकडं बाळ जन्मलं की पहिलं अंगाला लावतात ते जुनंच कापड, दुसऱ्याच्या लेकराचं वापरलेलं झबलं मुद्दाम मागून आणतात, मऊ असतं म्हणून आणि चांगलं म्हणून पण. माझ्या आजीची वाकळ आत जुनी धोतरं आणि वर नेसून विरलेली लुगडी, अशीच होती, शेजारच्या अज्जी तिला कौदी म्हणायच्या आणि दोघी मिळून दुपारी अंगणात धाव दोरा घालत बसायच्या, एक मराठीत बोलायची एक कन्नडात. तिकडं हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकेतनं आलेला समाज) बायका जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात, तिच्या चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावल्याशिवाय ती पुरी झाली असं धरतच नाहीत. जुन्यावर हात फिरवून ते आपलं करून घ्यायची रीत या मुलखात मुरलेली आहे. परवा शेजारणीला तुझं पत्र सांगितलं (नाव न घेता) तर ती म्हणाली, 'हळे सोफा, होस बट्टे, साकु.' जुना सोफा, नवं कापड, बास झालं.

आणि पाहुणे. सेकंडहँड कळू नये हा हेतू ठेवून शिवायला बसलीस तर तू उगीच चकचकीत कापड घेशील, झालरी लावशील, वेळ कमी पडला की रात्री रडशील. बघायला येणारी माणसं सोफा बघतात, नाही असं नाही, पण स्वच्छ आहे का आणि बसायला बरं आहे का एवढंच बघतात. कुणी विचारलंच तर 'फ्रेम जुनी घेतली, कव्हर मी शिवलं' म्हणून सांग. सोयरीक जुळवायला बसलेल्या घरात लपवायची गोष्ट एक जरी असली तरी नणंदेच्या डोक्याला ताप. पाहुणे दोन तास बसणार, सोफ्यावर रोज बसणार ते तुझा नवरा कामावरनं आलेला, नणंद मोबाइल घेऊन, आणि बसल्या तर सासूबाई. मी तरी त्यांच्यासाठी शिवेन.

आता सोफा उलटा कर. खरोखर उलटा, नवऱ्याला हाताशी घे. खालचं काळं कापड एका बाजूनं स्टेपल पिना काढून उघड आणि बॅटरी मारून बघ. पट्टे तुटलेत का, स्प्रिंग निसटलीय का, लाकडाखाली पिठासारखी बारीक भुकटी पडलीय का. भुकटी असेल तर भुंगा लागलाय, त्याला औषध मारून घ्यायचं, कापड नंतर. मग शिवणीच्या कडा आणि बटणाच्या खड्ड्यांत ढेकणाचे काळे ठिपके शोध. हे मी जोर देऊन सांगते, सेकंडहँड घेणाऱ्या सगळ्यांनाच सांगते, कारण ढेकूण न जेवता कित्येक महिने तग धरतो, आणि वरनं कव्हर घातलं म्हणजे त्याला अजून एक पदर लपायला दिला. नुसतं उन्हात ठेवून जातील या भरवशावर राहू नको, ठिपके दिसले तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलव, तो खर्च कव्हरच्या आधीचा. मग ओलं पांढरं फडकं त्या मरून वेलवेटवर घासून बघ. रंग लागला तर फिकं कव्हर दोन पावसाळ्यात आतनं गुलाबी होणार, त्यामुळे मधे जुन्या पांढऱ्या चादरीचा एक थर घालायचा. वेलवेटवर वरचं कापड सरकत पण राहतं, लव असते ना त्याची, बसलं-उठलं की कापड हळूहळू एका बाजूला चालतं. चादर घालून चार टाके मारले की ते पण थांबतं.

तुझ्या तीन वाटा. सोफावाल्याचे २४,००० हे लुबाडणं आहे असं मला वाटत नाही, तो जुनं कापड फाडतो, पट्टे बदलतो, फोम टाकतो, दोन माणसं चार दिवस राबतात. स्प्रिंगाच गेल्या असतील, नाहीतर लाकूड हलत असेल तर त्याच्याकडंच दे, कव्हर शिवून मोडकी बैठक सुधारत नाही. पण तू लिहितेस फ्रेम दणकट आहे, आणि भाड्याच्या घरात ४,५०० च्या सोफ्यावर २४,००० घालणं मला तरी पटत नाही. रेडिमेड ताणायची कव्हरं वाईट नसतात. गोल हाताच्या सोफ्याला बऱ्यापैकी बसतात, पटकन वाळतात, दोन दिवसात घरपोच येतात. पण सारखी वर सरकतात, दर दोन दिवसांनी फटीत कोंबत बसावं लागतं, आणि फोम दबला असेल तर खड्डा जास्तच दिसतो. घरात अगदी तान्हं मूल आहे, श्वास घ्यायला वेळ नाही, त्यांनी खुशाल तीच घ्यावीत. तुझ्याकडं मशीन आहे, हात आहे आणि सहा-सात आठवडे आहेत, म्हणून तुला शिव म्हणते.

कापडाचा हिशोब. सोफ्या-पडद्याचं कापड साधारण ५४ इंच पन्ह्याचं येतं. गाद्या सुट्या असलेला थ्री-सीटर असेल तर अकरा मीटर धर, एकेका खुर्चीला पाच, झाले २१. यातलं चार मीटर वाचतं ते असं: भिंतीला लागून असलेली सोफ्याची पाठ कुणाला दिसत नाही, आणि गादीच्या खालचा पाट पण दिसत नाही. तिथं जुन्या जाड चादरी नाहीतर मांजरपाट वापर. पाटाच्या पुढच्या कडेला फक्त चार-पाच इंचाची चांगल्या कापडाची पट्टी जोड, गादी थोडी सरकली तरी खालची चादर दिसायची नाही. म्हणजे १७ राहिले, त्यात एक मीटर आटण्यासाठी धर, १८. समजा मीटरला २०० पडले तर ३,६००. दोरा, चेन, सुया, इलॅस्टिक मिळून ५०० धर. राहतात ९००, ते सेटमधली एक खुर्ची सासूबाईंसाठी ठेवून तिच्या फोमला. हो, आधी त्यांच्या एकाच खुर्चीचा फोम बदल, सगळ्या सेटचा नको. फोमवाल्याला ४० डेन्सिटीचा दे म्हण, आणि कव्हरच्या मापापेक्षा अर्धा इंच मोठा काप म्हण, म्हणजे कव्हर त्यावर तट्ट बसतं.

खडेबाजारात, गणपत गल्लीत फिरताना एक लक्षात ठेव, सगळं कापड एकाच ताग्यातलं आणि एकाच दिवशी घे. आज खुर्चीपुरतं, बाकी पुढच्या महिन्यात असं केलं तर रंगाची छटा बदलते आणि ते शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळतं. निपाणी-चिकोडीकडच्यांना इचलकरंजी जवळ आहे, तिथं मापानं किंवा तुकड्यात घेतलं तर स्वस्त पडू शकतं, पण तुकडे घेताना पुरेसे सारखे आहेत का हे उजेडात नेऊन बघा. मोठ्या फुलांचं आणि पट्ट्यापट्ट्यांचं पहिल्या खेपेला नको, पट्टे जुळवण्यात मीटर-दीड मीटर वाया जातं. जाड केसमेंट, मॅटी, ड्रिल यातलं काही बघ. नुसतं सुती मला आवडतं पण आपला पाऊस बघता, जून ते सप्टेंबर दोरीवरचं परकर वाळत नाही तिथं कॅनव्हाससारखं जाड सुती कव्हर घरात चार दिवस कुबट वास सोडत पडेल, म्हणून तुला मी सुती-पॉलिएस्टर मिक्स मॅटी सुचवते. खानापूर-जांबोटीकडच्या बायांनी तर नक्कीच. रंग मळखाऊ घे, राखाडी, शेवाळी, मातकट. नवरा फाउंड्रीतनं येऊन त्या सोफ्यावर टेकणार, त्याला दरवेळी 'बसू नका' म्हणायची पाळी येईल असला क्रीम रंग घेऊन काय करायचं?

कापड आणलं की कापायच्या आधी धुवायचं. यात सूट नाही. मी पहिल्यांदा दिवाणाचं कव्हर शिवलं तेव्हा कोऱ्या कापडाचा कडकपणा आवडला म्हणून तसंच कापलं, अगदी अंगाबरोबर बसलं, पहिल्या धुण्यात आटलं आणि परत गादीवर चढेना. दोन्ही बाजू उसवून मधे पट्ट्या घालाव्या लागल्या आणि त्या पट्ट्या जोपर्यंत ते कव्हर होतं तोपर्यंत डोळ्यात खुपत राहिल्या. सुती कापड शंभराला तीन ते पाच आटतं, म्हणजे १७ मीटरला जवळपास मीटरभर धरायचं. तुझ्या नवऱ्याला हे समजावून सांगायला नको. फाउंड्रीत साच्यासाठी लाकडी पॅटर्न (नमुना) तयार करताना तो मूळ मापापेक्षा थोडा मोठा ठेवतात, बिडाचा रस थंड होताना शंभराला साधारण एक आटतो म्हणून. त्याला म्हण, आपल्या सोफ्याला श्रिंकेज अलाउन्स किती धरायचं ते काढून दे. मी हे गंमत म्हणून लिहीत नाही, ज्याला माप आणि सोडत यांचा हिशोब रोज करावा लागतो असा माणूस घरात आहे आणि तू एकटीच हे अंगावर घ्यायलीस. १८ मीटर ओलं कापड एकटीनं पिळता पण येत नाही. पाच-सहा मीटरचे तुकडे करून, टोकं पिको करून घे, मग धू.

आता माप आणि बेतणं, इथं सावकाश. एका खुर्चीपासून सुरू कर. गाद्या काढ. प्रत्येक भाग जिथं जास्त रुंद आहे तिथं मोज, वहीत खुर्चीचं चित्र काढून त्यावरच आकडे लिही. शिलाईला प्रत्येक कडेला एक इंच सोड, आणि जिथं पाठ बैठकीला मिळते, हात बैठकीला मिळतो त्या फटीत कापड आत दाबायला त्या एका इंचासकट पाच इंच सोड. उदाहरणार्थ आतली पाठ वरपासून बैठकीपर्यंत २२ इंच भरली तर वरच्या शिलाईचा एक आणि खाली दाबायचे पाच, म्हणजे २८ कापायचं. बैठक २२ रुंद असेल तर दोन्हीकडं पाच-पाच, ३२. हे पाच इंच बघून जीव हळहळतो, एवढं कापड कोंबण्यात घालवायचं म्हणून, पण तेच कव्हरला धरून ठेवतं. ते कमी केलं की माणूस बसला की कापड फटीतनं वर येतं. आत दाबून झाल्यावर पेपरची घट्ट गुंडाळी नाहीतर पीव्हीसी पाइपचा तुकडा त्या फटीत सरकवून दे, हलत नाही.

चांगलं कापड लगेच कापू नको. आधी जुन्या चादरीचं बेतून बघ. खुर्चीच्या पाठीवर, बैठकीवर मधोमध खडूची उभी रेघ मार, चादरीच्या तुकड्याला दुमडून मध काढ, दोन्ही मध जुळवून वरनं टाचणी लाव. तळव्यानं मधनं कडेकडं सारखं करत जा, ताणू नको. फटीजवळ आलीस की स्वयंपाकघरातलं उलथनं घे आणि त्याच्या सपाट बाजूनं कापड आत सरकव, बोटं आत जात नाहीत आणि नखं तुटतात. मग आतला हात, मग बाहेरचा हात, शेजारच्या कडा एकमेकींना टाचत यायचं. हाताचा पुढचा गोल तोंडवळा सगळ्यांना अवघड वाटतो, तुला वाटायला नको. त्यावर पेपर धरून बोटानं कडा दाबून छाप घे, कडेनं एक इंच सोडून काप. त्या गोलाभोवती कापड बसवताना तू मुंढ्यात बाही बसवतेस तसंच कर, वर मधे टाचणी, मग दोन्हीकडं थोडं थोडं सोडत खाली ये, वळणावर कात्रीनं बारीक काप दे म्हणजे शिलाई आवळत नाही.

एक जागा आहे जिथं शिवणाऱ्या बाया पण फसतात. ब्लाऊजसारखं उलटी बाजू वर ठेवून टाचायची सवय असते आपल्याला. खुर्ची दोन्हीकडं सारखी असेल तर चालतं. पण जुनी खुर्ची सारखी नसते, माणूस एकाच हातावर रेलून बसलेला असतो वर्षानुवर्षं, तो हात दबलेला असतो. मग उलटं टाचून शिवलेलं कव्हर सुलटं केलं की डावी बाजू उजवीकडं जाते आणि दबलेल्या हाताचं माप चांगल्या हातावर येतं. म्हणून दोन्ही हात आधी मोज. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर सुलटी बाजू वर ठेवूनच टाच, टाचण्यांच्या दोन्ही अंगांना खडूनं रेघ मार, मग काढून त्या रेघांवर उलटीकडनं कच्चा दोरा घाल.

शिलाईचं फार सांगायला नको तुला. पायमशीन चांगलीच आहे या कामाला, जाड कापड पेलते. सुई १६ नंबरची घाल, ड्रिल घेतलंस तर १८, दोरा पॉलिएस्टरचा, टीप ब्लाऊजपेक्षा लांब, इंचाला सात-आठ टाके. कोपऱ्यात चार-पाच थर येतात तिथं पाय सोडून चाक हातानं फिरव, तिथंच सुया तुटतात. पायपिंग लावायचं असेल तर उरेब पट्टीचंच, आणि चेनचा एकेरी पाय बसव, पण पहिल्या खुर्चीला नसलं तरी काही बिघडत नाही. गाद्यांना चेन मागच्या बाजूला, आणि ती दोन्ही कडांना तीन-चार इंच वळवून घे, नाहीतर गादी आत घालताना शिवण फाटते. चेन मीटरवर आणि रनर सुटे मिळतात, तसेच घे.

अजून एक गोष्ट शिव, हातांच्या आणि पाठीच्या वरच्या भागाच्या सुट्या टोप्या. सोफा सगळ्यात आधी मळतो तो तिथंच, हाताचा घाम आणि डोक्याचं तेल. उरलेल्या कापडात होतात, प्रत्येकाच्या दोन-दोन कर. मुख्य कव्हर तीन-चार महिन्यांनी काढलं तरी चालतं, टोप्या दर रविवारी धुवायच्या, पावसात पण पंख्याखाली रात्रीत वाळतात.

वेळेचं बघ. पहिल्या खुर्चीला तुला घरकाम सांभाळून आठवडा लागेल, दुसरी दोन-तीन दिवसात होईल कारण मापं तीच, थ्री-सीटरला पुढचे दोन आठवडे. आत्ता सुरू केलंस तर तुळशीच्या लग्नाच्या आधी होतं. नाही झालं तर? दोन खुर्च्या झाल्या असतील आणि थ्री-सीटर राहिला असेल, तर पाहुण्यांच्या दिवशी त्यावर चांगली सोलापुरी चादर नीट दाबून घाल आणि रात्री जागून शिवू नको. मशीनच्या सुईनं बोट फुटतं ते अशाच घाईत.

ज्यांच्याकडं भरीव सोफा नाही, लाकडी फ्रेम आणि वर सुट्या गाद्या आहेत त्यांचं काम यातलं निम्मंपण नाही, नुसत्या गाद्यांच्या खोळी, त्यांनी एका रविवारी उरकावं. ज्यांना शिवता येत नाही त्यांनी चादरीचं बेतणं स्वतः करून, टाचलेलं तसंच गल्लीत शिवणकाम करणाऱ्या बाईकडं न्यावं, तिला सोफा घरी येऊन बघावा लागत नाही, मजुरी कमी होते. पण मजुरीत घासाघीस करू नका हो, अंगावर घेऊन शिवायचं काम आहे, खांदे भरून येतात.

आणि खुर्ची कुठली आधी, तर तूच ओळखलं असशील. नवा फोम घातलेली. मापाला सासूबाईंनाच बसव, आधी फोमचा नुसता तुकडा ठेवून, 'आई, उठायला सोपं जातंय का बघा, का अजून इंचभर वाढवू' म्हणून विचार. कापडाचा रंग पण त्यांना दाखवून घे. त्या काय म्हणतील मला माहीत नाही, कदाचित काहीच म्हणणार नाहीत आणि प्लास्टिकच्या खुर्चीतच बसतील आठवडाभर, बसू दे, तू विचारलंस एवढं त्यांच्या ध्यानात राहील. उंचीचा फरक निघाला नाही, नीट बसता येत असून पण त्या बसत नसतील, तर मग माझा अंदाज चुकला आणि तो विषय कव्हरचा नाही, त्याचं वेगळं पत्र लिही.

चादरीचे तुकडे टाचून झाले की काढायच्या आधी प्रत्येकावर खडूनं लिहून ठेव, डावा आतला हात, उजवा बाहेरचा हात, पाठ वरची बाजू, आणि एक बाण कापडाचा उभा धागा कुठं जातो त्याचा. सगळे तुकडे जमिनीवर पसरल्यावर सारखेच दिसतात. पहिली खुर्ची झाली की उरलेलं कापड मोजून आणि थ्री-सीटरची मापं लिहून मला पाठव, कटिंग कसं बसवायचं ते बघू.